गिधाडाचं मूत्रपिंड आणि गुरांच्या डॉक्टरची पेटी

वन्यजीवांचा डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदुकीतून डार्ट मारून वाघ झोपवणारा माणूस येतो. वर्तमानपत्रांत फोटोही त्याचेच येतात. पण आपल्या उपखंडातल्या वन्यजीवांच्या दृष्टीने गेल्या तीस वर्षांत सगळ्यात मोलाचं ठरलेलं पशुवैद्यकीय काम झालं ते फुगलेली, माश्या घोंघावणारी गिधाडं कापून. आणि त्याचं निदान करणारा माणूस मुळात घोड्यांच्या विषाणूंवर काम करणारा प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता.

लिंडसे ओक्स हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात, पुलमन गावच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेत तो काम करायचा. अशा प्रयोगशाळेत रोज येतं ते मेलेलं वासरू, घोड्याचं रक्त, कोंबडीचं यकृत. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या विषाणूवर त्याचं संशोधन होतं. नाद मात्र ससाणे पाळण्याचा. त्यामुळे पाळलेल्या ससाण्यांना मारणाऱ्या अडेनोव्हायरसवरही त्याने काम केलं. घोडा आणि ससाणा यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध पद्धतीचा आहे. मेलेलं जनावर समोर आलं की ते कशाने मेलं हे पुराव्यानिशी सांगायचं, आणि पुरावा नसेल तर गप्प बसायचं, ही सवय निदान प्रयोगशाळेत लागते. जंगलात लागेलच असं नाही.

आता गिधाडांकडे येऊ. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली गिधाडं झपाट्याने कमी होताहेत, झाडांवर मान टाकून बसलेले पक्षी मरून खाली पडताहेत, हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात नोंदवलं आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे देशभरच्या गणनांमधून चित्र स्पष्ट झालं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांचीही सुमारे ९७ टक्के घट झाली. पाकिस्तानातल्या पंजाबात मात्र पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या वसाहती २००० सालीही शिल्लक होत्या. म्हणून पेरेग्रीन फंड या संस्थेने तिथे, धोलेवाला, तोआवाला आणि चांगा मांगा या तीन ठिकाणी, काम सुरू केलं. झाडाखाली पडलेला पक्षी ताजा असताना उचलायचा आणि कापायचा. मार्टिन गिल्बर्टसारखे पशुवैद्य आणि मुनीर विराणीसारखे पक्षिशास्त्रज्ञ उन्हात हे करत होते. नमुने जायचे पुलमनला.

त्या वेळी बहुतेकांचा संशय साथीच्या रोगावर होता, आणि तो वेडेपणाचा नव्हता. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जंगलात आणि शहरातही, एकाच कुळातले पक्षी मरताहेत म्हटल्यावर विषाणूच आधी आठवतो. मान टाकून बसणं हे आजाराचं लक्षण मानलं गेलं होतं. पुढे पाकिस्तानातल्या निरीक्षणांतून कळलं की मान टाकण्यावरून कुठला पक्षी मरेल हे सांगता येत नाही, आणि ते बहुधा उन्हाने होतं. प्रत्यक्ष जागेवरच्या पाहणीतल्या लक्षणावर किती भरवसा ठेवावा, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

शवविच्छेदनाकडे थोडं सविस्तर बघू, कारण या कामात चुका तिथेच होतात.

गिधाडाचं शव कापण्याआधी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने पिसं पूर्ण भिजवतात. कोरड्या पिसांतून उडणाऱ्या धुळीतून क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग माणसाला होऊ शकतो. हातमोजे आणि एन-९५ मास्क हवेतच. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून तर ही गोष्ट कुणी वेगळी सांगायला नको. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले सापडले, तर आधी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत नमुने पाठवायची सोय बघावी, कापाकापी नंतर.

जंतुवाढीसाठीचे तुकडे सगळ्यांत आधी, निर्जंतुक हत्यारांनी घ्यायचे. आतडं शेवटी उघडायचं. ते आधी फाटलं की बाकीच्या अवयवांतून जे जंतू वाढतील ते आतड्यातलेच असतील. फॉर्मेलिनची बरणी आणि जंतुवाढीचे नमुने एका डब्यात ठेवू नयेत, कारण फॉर्मेलिनची वाफ जंतू मारते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट हवं. जाड तुकडा बाहेरून टिकतो, आतून कुजतो. आणि शव गोठवून मग ऊतींचे काप करायला पाठवणं ही तर नेहमीचीच चूक. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती चिखल लागतो. लगेच कापता येणार नसेल तर शव बर्फाच्या सान्निध्यात गार ठेवावं, गोठवू नये.

पक्ष्याचं मूत्रपिंड कंबरेच्या हाडाच्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं, दोन्ही बाजूंना तीन-तीन खंडांत. चिमट्याने ओढलं की त्याचा लगदा होतो. कात्रीच्या बोथट टोकाने कडेकडेने सोडवून काढावं लागतं, नाहीतर हाडासकट कापून घ्यावं. उन्हाळ्यात सगळ्यांत लवकर खराब होणाऱ्या अवयवांत मूत्रपिंड येतं, आणि पिसांच्या गोधडीत गुंडाळलेलं शव मेल्यावरही तासन्‌तास गार होत नाही. सकाळी मेलेलं गिधाड दुपारी उचललं तर मूत्रपिंडाच्या कापात रोग कुठला आणि कुजणं कुठलं, हे सांगणं कठीण होतं.

पंजाबातल्या या शवांमध्ये बहुतेक पक्षी अंगाने धडधाकट होते. उपासमारीने किंवा जुनाट आजाराने मेलेला पक्षी छातीच्या हाडावरून ओळखू येतो, मांस आटून हाड सुरीसारखं वर येतं. इथे तसं नव्हतं. पोट उघडलं की हृदयाच्या आवरणावर, यकृतावर, हवेच्या पिशव्यांवर, मूत्रपिंडात पांढरी, खडूच्या लगद्यासारखी पुटं. याला व्हिसरल गाऊट म्हणतात. रक्तातलं युरिक अॅसिड बाहेर न पडल्यामुळे अवयवांवर साचतं. पक्षी आपल्यासारखा युरिया मूत्रातून टाकत नाहीत, ते युरिक अॅसिड टाकतात. मूत्रपिंडाच्या नलिका ते रक्तातून खेचून बाहेर सोडतात. नलिकांच्या पेशी मेल्या की हे काम थांबतं. युरिक अॅसिड पाण्यात फारसं विरघळत नसल्यामुळे रक्तात त्याचं प्रमाण चढलं की ते जागच्या जागी स्फटिक होऊन बसतं.

इथेच एक जुना सापळा आहे. हे स्फटिक पाणी असलेल्या फॉर्मेलिनमध्ये विरघळून जातात. नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पांढरं पूट गायब, आणि अहवाल येतो ‘विशेष काही आढळलं नाही’. म्हणून गाऊटचा संशय असेल तर एक तुकडा निर्जल अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा. जागेवर खात्री करायची असेल तर म्युरेक्साइड चाचणी आहे. चिमूटभर पांढरं पूट चिनीमातीच्या बशीत घ्यायचं, त्यावर तीव्र नायट्रिक आम्लाचे एक-दोन थेंब टाकून मंद आचेवर सुकवायचं, थंड झाल्यावर अमोनियाचा थेंब टाकायचा. जांभळा रंग आला की युरिक अॅसिड. खर्च नगण्य. हे मोकळ्या हवेत, चष्मा लावून करावं, एवढंच.

२५९ प्रौढ व अर्धवयीन गिधाडं कापली गेली. त्यातल्या २१९ मध्ये, म्हणजे ८५ टक्के पक्ष्यांत, गाऊट होता. पण गाऊट हे निदान नव्हे. ते मूत्रपिंड निकामी झाल्याचं दृश्य रूप आहे, घरात धूर दिसावा तसं. आग कुठे लागली ते वेगळंच.

मग सुरू झाली वगळण्याची प्रक्रिया, आणि माझ्या मते ओक्सचा खरा कस तिथे लागला. पक्ष्यांचं मूत्रपिंड बिघडवणारे विषाणू तपासले, नाहीत. शिसं, पारा, कॅडमियमसारखे जड धातू, नाहीत. कीटकनाशकं, नाहीत. या धडपडीत एका गिधाडातून मायकोप्लाझ्माची एक नवी जात हाती लागली. विज्ञानाला अज्ञात असलेला जंतू, मरणाऱ्या गिधाडात! पुष्कळांनी इथेच पत्रकार परिषद घेतली असती. ओक्सने आणि सहकाऱ्यांनी त्या जातीचं रीतसर वर्णन केलं आणि मृत्यूचा शोध पुढे चालू ठेवला, कारण जंतू सापडणं आणि जंतूने मारणं या दोन गोष्टींत पुरावा नावाची दरी असते.

सगळं नकारार्थी आल्यावर प्रश्न उलटा केला गेला. गिधाड काय खातं? मेलेली गुरं. मग गुरांच्या अंगात असं काय असेल, जे मूत्रपिंडाला घातक आहे, तोंडावाटे पोटात गेलं तरी शोषलं जातं, आणि अलीकडेच सर्रास वापरात आलंय? उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं. तिथल्या पशुवैद्यांना आणि औषधाच्या दुकानदारांना विचारलं गेलं की गुरांसाठी तुम्ही काय काय देता, काय विकता. या सगळ्या अटींत बसणारं एकच औषध निघालं, डायक्लोफेनॅक. दुखण्याचं इंजेक्शन. लंगडणारा बैल, सुजलेली कास, ताप, काहीही असो, स्वस्तात मिळणारी ती बाटली.

गाऊट असलेल्या २५ पक्ष्यांची मूत्रपिंडं तपासली, पंचविसांतही डायक्लोफेनॅक. इतर कारणांनी मेलेल्या, गाऊट नसलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. तरीही संबंध म्हणजे कारण नव्हे. म्हणून म्हशी आणि शेळ्यांना औषध टोचून त्यांचं मांस पाळलेल्या गिधाडांना दिलं. जंगलात परत सोडता न येणारे पक्षी यासाठी वापरले होते. वीसपैकी तेरा मेले, आणि पोटं उघडली तेव्हा तीच पांढरी पुटं. मे २००३ मध्ये बुडापेस्टच्या शिकारी पक्ष्यांच्या जागतिक परिषदेत हे मांडलं गेलं, २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. विषाणू शोधणाऱ्या माणसाने विषाणू नाही असं सांगितलं, हे मला यातलं सगळ्यांत देखणं वाटतं. ओक्स जानेवारी २०११ मध्ये, अवघ्या पन्नाशीत गेला.

यातलं गणित बघितलं की धक्का बसतो. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी निम्मे पक्षी मारणारी मात्रा किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम आहे. पाच किलोच्या पक्ष्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम. आपल्या घरात गुडघेदुखीसाठी असते ती गोळी ५० मिलिग्रॅमची. एका गायीला देतात ती ३० मिलिलिटरची बाटली, प्रत्येक मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम धरली तर ७५० मिलिग्रॅमची. गायीच्या शरीरातून औषध दिवसागणिक भराभर उतरतं, त्यामुळे इंजेक्शननंतर आठवड्याने मेलेली गाय धोक्याची नसते. धोका असतो तो टोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेल्या जनावराचा. आणि नेमकं हेच घडतं. जनावर अगदी शेवटच्या टप्प्यावर असतं, दुसरं काही सुचत नाही, म्हणून दुखण्याचं इंजेक्शन देतात आणि ते रात्री मरतं. सकाळी त्याचं शव गावाबाहेर.

‘पण सगळ्याच गुरांना थोडंच हे औषध दिलेलं असतं?’ हा प्रश्न तेव्हा खूप विचारला गेला. उत्तर लोकसंख्येच्या गणितातून आलं. दर १३० ते ७६० शवांमागे एक शव जरी विषारी असेल, तरी एवढी घट होऊ शकते. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत पिल्लं काढत नाही, आणि एका शवावर पन्नास-शंभर पक्षी तुटून पडतात. प्रत्यक्षात भारतात २००४-०५ मध्ये १८४८ गुरांची यकृतं तपासली तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफेनॅक निघालं. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

बंदी २००६ मध्ये आली, भारत, नेपाळ, पाकिस्तान तिन्हीकडे. पर्यायासाठी मेलॉक्सिकॅम तपासलं गेलं आणि त्याची पद्धत इथे सांगण्याजोगी आहे. उरलेल्या दुर्मीळ गिधाडांवर थेट प्रयोग करणं शक्य नव्हतं. म्हणून दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया विद्यापीठाच्या जेरी स्वान आणि विनी नायडू यांनी आधी तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर, तेही जायबंदी, पाळलेल्या पक्ष्यांवर, कमी मात्रेपासून चढत्या मात्रेने चाचण्या घेतल्या. दर टप्प्याला रक्तातलं युरिक अॅसिड मोजलं. तिथे सगळं सुरळीत झाल्यावरच इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लोकांनी भारतातल्या गिधाडांना ते दिलं. मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरलं. नंतर टोल्फेनॅमिक अॅसिडही.

बंदीला पळवाट लगेच सापडली. गुरांसाठी बनवणं बंद झालं, पण माणसांसाठीची बाटली होतीच, तीही ३० मिलिलिटरची. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरतं. ३० ची बाटली कुणासाठी होती हे उघड आहे. २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकायचं असा नियम झाला. आता एका गायीसाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात. मला हा नियम मूळ बंदीपेक्षा शहाणा वाटतो. त्यात कुणाच्या प्रामाणिकपणावर भिस्त नाही, फक्त कंटाळ्यावर आहे. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

दुसरी पळवाट रसायनाची. डायक्लोफेनॅक गेलं तर कीटोप्रोफेन आलं, तेही घातक. असिक्लोफेनॅक आलं, ते गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. नाव बदललं तरी माणूस तोच. दोन्हींवर बंदी आली ती २०२३ मध्ये. निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. दर वेळी आधी पक्षी मेले, मग पुरावा गोळा झाला, मग वर्षानुवर्षांनी अधिसूचना. नवं वेदनाशामक गुरांसाठी बाजारात आणण्याआधीच ते गिधाडांना सुरक्षित आहे हे दाखवायची सक्ती असती, तर हा उंदीर-मांजराचा खेळ थांबला असता.

महाराष्ट्रात हा विषय पुस्तकी नाही. नाशिकच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत, गडचिरोलीत आणि नाशिकच्या खोरीपाड्यात गिधाडांसाठी शव टाकायच्या जागा, म्हणजे ‘गिधाडांची उपाहारगृहं’ आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून ताडोब्यात लांब चोचीची दहा आणि पेंचमध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा गिधाडं आणली गेली. या सगळ्यांचं भवितव्य आसपासच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कपाटावर अवलंबून आहे. उपाहारगृहावर टाकायच्या जनावराचा औषधोपचार ठाऊक नसेल तर ते टाकू नये, पुरावं. दयामरणासाठी पेंटोबार्बिटाल किंवा थायोपेंटाल दिलेलं जनावर तर पुरलंच पाहिजे, कारण ते मांस खाणारा पक्षी झोपेतच जातो. बिबट्याने मारलेल्या जनावरावर रागाने टाकलेली विषारी पूड हा तिसरा धोका.

या क्षेत्रात यायचं असेल तर वाट सरळ आहे, लांब मात्र आहे. नीटच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश, आंतरवासितेसह साडेपाच वर्षं, मग वन्यजीव, पॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधशास्त्रात पदव्युत्तर. माझा सल्ला विचाराल तर वन्यजीव हा शब्द ज्या विषयाच्या नावात नाही तो विषय घ्या, पॅथॉलॉजी उत्तम. आणि परवानगीचं लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याचं शव सरकारी मालमत्ता असतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय पीससुद्धा उचलता येत नाही. ही परवानगी शव सापडल्यावर मागायला गेलात तर हाती हाडं उरतात. संशोधन प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ती काढून ठेवावी.

शेवटी नमुन्यांच्या पेटीबद्दल. एकाच मूत्रपिंडाचे तीन भाग करावेत. एक अल्कोहोलमध्ये, एक फॉर्मेलिनमध्ये, एक औषधाच्या तपासणीसाठी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून उणे २० अंशांवर. सोबत यकृत आणि अन्नपिशवीतलं मांस, तेही गोठवून. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि मग कुठलं मूत्रपिंड कुठल्या गावचं ते कुणालाच सांगता येत नाही. चिठ्ठीवर तारीख, जागा आणि शव सापडल्याची वेळ असावीच. जमलं तर गावात शेवटचं मेलेलं गुरू कुणाचं होतं आणि त्याला कुठलं इंजेक्शन दिलं होतं, हेही विचारून लिहावं. बाटली फेकून दिली असेल तर उकिरड्यात सापडते.